पर्यावरण आणि आजार: गोव्याच्या गावांतून नेहमी येणारे प्रश्न

डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत घरोघर फिरून आरोग्याची पाहणी करण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. ग्रामसभा असो, खाणीची जनसुनावणी असो की कुणाच्या ओसरीवरचा चहा असो, लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात आणि ते अगदी योग्य असतात. त्यांची उत्तरं इथे सवडीने लिहिली आहेत. जिथे 'समजा' म्हटलंय, तिथले आकडे फक्त समजावण्यापुरते आहेत.

पर्यावरणीय साथरोगशास्त्र म्हणजे काय? साथ नसताना साथरोगशास्त्र कसं?

नावामुळे घोटाळा होतो. हे शास्त्र साथींच्या अभ्यासातून जन्माला आलं म्हणून नाव तसं पडलं. आज त्यात दमा, कॅन्सर, हृदयविकार, कमी वजनाची बाळं असं सगळं येतं. कुठला आजार कुणाला होतो, कुठे होतो, कधी होतो आणि का होतो हे माणसांच्या समूहात शोधायचं, असं हे काम. हवा, पाणी, धूळ, आवाज, उष्णता, कीटकनाशकं अशा भोवतालच्या गोष्टींशी त्या आजाराचा संबंध तपासला की ते पर्यावरणीय झालं. सत्तरीत २०१५ पासून डोकं वर काढलेला माकडतापही यातच बसतो. तो विषाणू गोचिडीतून येतो, आणि काजूच्या हंगामात जंगलालगतच्या बागायतीत जाणाऱ्याला ती चावते. काजू कोण वेचतं, कधी वेचतं आणि पायात काय घालून वेचतं, हे कळल्याशिवाय या तापाचा अभ्यास पुरा होत नाही.

डॉक्टर तपासतात, औषध देतात. मग वेगळा अभ्यास कशाला?

डॉक्टरसमोर एकच माणूस बसलेला असतो. त्याचा खोकला विडीचा, चुलीच्या धुराचा की रस्त्यावरच्या धुळीचा, हे त्याची छाती ऐकून सांगता येत नाही. खोकल्यावर कारणाचं नाव लिहिलेलं नसतं. हजार माणसं पाहिली, त्यांतली धुळीतली किती आणि धुळीबाहेरची किती हे मोजलं, दोन्हींकडे खोकणारे किती ते पाहिलं, की कारण दिसायला लागतं.

लंडनचं उदाहरण जुनं आहे, पण त्याच्याइतकं स्वच्छ दुसरं मला सापडलेलं नाही. १८५४ साली तिथे कॉलरा पसरला होता. शहराच्या दक्षिण भागात दोन कंपन्या पाणी पुरवत होत्या. एकाच रस्त्यावर एका घरात एकीचं पाणी आणि शेजारच्या घरात दुसरीचं. त्यांतली लॅम्बेथ ही कंपनी १८५२ मध्ये थेम्स नदीच्या वरच्या अंगाला गेली होती, म्हणजे शहराची घाण मिसळण्याआधीचं पाणी ती उचलू लागली. डॉ. जॉन स्नो यांनी कुठल्या घरात कुणाचं पाणी आहे ते शोधून मृत्यू मोजले. जुन्या जागीच पाणी उचलणाऱ्या कंपनीच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू, लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८. नुसते मृत्यू पाहिले तर फरक जवळजवळ तेरा पट वाटतो. पण घरांची संख्याही वेगळी आहे ना? दर दहा हजार घरांमागे हिशेब केला तर एकीकडे ३१५ आणि दुसरीकडे ३७, म्हणजे साधारण साडेआठ पट. कॉलऱ्याचा जंतू तेव्हा वैद्यकाने मान्यही केलेला नव्हता, तरी कारण हाती लागलं होतं.

यातली ४०,०४६ ही संख्या म्हणजे अपूर्णांकातला छेद. माझ्या मते या शास्त्रातला सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित आकडा हाच. आमच्या आरोग्य केंद्रांतून अंश मिळतो, अमुक महिन्यात दम्याचे इतके रुग्ण आले. कितीजणांतून आले, ते विचारलं की सगळे गप्प होतात.

आमच्या वाड्यावर पाच जणांना कॅन्सर झाला. हे खाणीमुळेच ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आला आहे. विचारणाऱ्याच्या घरात बहुतेक वेळा त्या पाचांतला एक असतो, म्हणून याचं उत्तर घाईने देऊ नये.

आधी हिशेब. भारतात वर्षाला लाखामागे साधारण शंभर जणांना नव्याने कॅन्सर होतो. समजा तुमच्या गावात ८०० माणसं आहेत. तर वर्षाला ०.८, म्हणजे पाच वर्षांत चार नवे रुग्ण हे कसलंही वेगळं कारण नसतानाही अपेक्षित आहेत. त्यात गोव्याची लोकसंख्या देशाच्या मानाने वयस्कर. २०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसं देशात ८.६ टक्के होती, गोव्यात ११.२ टक्के. केरळच्या खालोखाल आपणच. कॅन्सर वयाबरोबर वाढतो, त्यामुळे आपल्या गावात अपेक्षित आकडा चाराहूनही थोडा वर जाईल. दोन गावांची तुलना वयाचा हिशेब न लावता केली तर म्हाताऱ्यांचं गाव उगाच रोगट दिसतं.

सारवलेल्या अंगणात मूठभर तांदूळ उधळून बघा. सगळीकडे सारखे पडत नाहीत, कुठे आठदहा दाणे एकत्र, कुठे हातभर जागा मोकळी. आठ दाण्यांच्या जागेभोवती मागाहून रेघ ओढून 'इथेच का पडले?' असं विचारलं तर उत्तर मिळणार नाही.

मग अशी तक्रार सोडून द्यायची का? मुळीच नाही. काही खुणा दिसल्या तर ती फार गंभीरपणे घ्यावी लागते: पाचही जणांना एकाच प्रकारचा कॅन्सर आहे, तो प्रकार एरवी दुर्मीळ आहे, किंवा तो नेहमीपेक्षा खूप लहान वयात झाला आहे. ॲस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाच्या आवरणाला होणारा मेसोथेलिओमा असाच ओळखू आला, कारण इतर लोकांत तो जवळजवळ दिसतच नाही. शिवाय बघावं लागतं की ही माणसं तिथे राहायला कधी आली. ॲस्बेस्टॉसचा संपर्क आणि हा आजार यांत वीस ते चाळीस वर्षं जातात. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन गावात आलेल्या बाईचा असा आजार गावच्या हवेवर घालता येत नाही, तो तिच्या माहेरी शोधावा लागतो.

नवे रुग्ण आणि एकूण रुग्ण यांत फरक काय?

वर्षभरात नव्याने किती जणांना आजार झाला हा एक आकडा. आजच्या दिवशी गावात तो आजार असलेले एकूण किती, हा दुसरा. औषधोपचार सुधारले की रुग्ण जास्त जगतात आणि दुसरा आकडा वाढतो, आजार वाढलेला नसतानाही. कारण शोधायचं तर पहिला बघा, दवाखान्यात किती खाटा लागतील हे ठरवायचं तर दुसरा.

धूळ तर डोळ्यांना दिसते. ती मोजायची कशाला?

खाणीचे ट्रक जोरात होते त्या काळात दारातल्या तुळशीचं पान बोटांत धरून चोळलं की बोट विटकरी व्हायचं. ओल्या फडक्याने ओटा पुसला की फडकं त्याच रंगाचं. लोक ते फडकंच मला पुरावा म्हणून दाखवायचे, आणि धूळ आहे याचा तो पुरावा होताच. पण डोळ्यांना दिसते ती धूळ जाड. ती बरीचशी नाकाघशात अडकते. फुप्फुसात खोल उतरते ती अडीच मायक्रॉनहून बारीक धूळ, पीएम २.५. केसाची जाडी याच्या वीसपंचवीस पट असते. ती फडक्यावर ओळखू येत नाही. ट्रकच्या डिझेलच्या धुरात आणि चुलीच्या धुरात ती भरपूर असते. म्हणजे लाल धूळ न उडणाऱ्या घरातही हवा वाईट असू शकते.

मोजायचं यंत्र एखाद्या छपरावर ठेवतात. त्यात पांढरा फिल्टर कागद असतो. बसवण्यापूर्वी त्याचं वजन मिलिग्रॅमच्याही लहान भागापर्यंत करतात, चोवीस तास हवा ओढली की पुन्हा वजन. फरक म्हणजे धूळ. भारताच्या २००९ च्या मानकाप्रमाणे पीएम २.५ ची वार्षिक सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा ५ आहे. 'सरकारी मर्यादेत आहे' आणि 'सुरक्षित आहे' या दोन वाक्यांत किती अंतर आहे ते यावरून लक्षात यावं.

आणि छपरावरचं यंत्र श्वास घेत नाही. माणूस दिवसा शेतात, संध्याकाळी बाजारात, रात्री घरात असतो. स्वयंपाकघरात तीन तास चुलीपुढे बसणारी बाई आणि तिचा बँकेत काम करणारा मुलगा एकाच पत्त्यावर राहतात, पण दोघांच्या छातीत जाणारी हवा एक नाही.

तालुक्या-तालुक्यांचे आकडे तर तयारच असतात. त्यांची तुलना केली की झालं?

सुरुवातीला तेच करतात. खर्च नाही, वेळ नाही. अमुक तालुक्यात धूळ जास्त, दमाही जास्त, एवढं कळतं. पण दमेकरी माणसंच धुळीत राहणारी आहेत का, हे त्यातून कळत नाही. समूहाचा निष्कर्ष एकेका माणसावर लावला की चूक होते. अशा तुलनेतून प्रश्न चांगला सुचतो, उत्तर मिळत नाही.

घरोघरी जाऊन एकदाच पाहणी केली तर?

त्याला छेदात्मक अभ्यास म्हणतात. आमची बहुतेक पाहणी याच प्रकारची. एकाच वेळी धुळीची आणि आजाराची नोंद होते, गाव डोळ्यांसमोर उभं राहतं. अडचण अशी की आधी काय आणि नंतर काय हे समजत नाही. एका गावात रस्त्याला लागून असलेल्या घरांत दमेकरी मुलं फारशी सापडेनात. आम्हाला नवल वाटलं. मग एका घरातली आजी म्हणाली, "आमच्या नातवाला सोसेना, म्हणून त्याला मामाकडे ठेवलाय, फोंड्याला. तिथेच शाळेत जातो." आजारी मुलं रस्त्यापासून दूर गेली होती, आणि आमच्या तक्त्यात रस्त्याकडेची घरं निरोगी दिसत होती. तेव्हापासून 'या घरातलं कुणी तब्येतीमुळे दुसरीकडे राहतं का?' हा प्रश्न मी प्रत्येक फॉर्ममध्ये घातला.

केस-कंट्रोल अभ्यास कसा करतात?

उलट्या बाजूने. आधी रुग्ण घ्यायचे, मग त्यांच्याच वस्तीतले, त्यांच्याच वयाचे पण तो आजार नसलेले लोक घ्यायचे, आणि दोघांच्या मागच्या आयुष्यात डोकावायचं. दुर्मीळ आजारासाठी हीच पद्धत परवडते. समजा ५० दमेकऱ्यांपैकी ३० जण ट्रकच्या रस्त्याला लागून राहणारे निघाले, आणि दमा नसलेल्या १०० पैकीही ३०. तर दमेकऱ्यांत रस्त्याकडेचे आणि लांबचे यांचं गुणोत्तर ३० ला २०, इतरांत ३० ला ७०. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की साडेतीन येतं. याला ऑड्स रेशो म्हणतात.

कंट्रोल निवडणं हेच सगळ्यात अवघड. गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या वॉर्डातले दुसरे रुग्ण कंट्रोल म्हणून घेतले तर ते साऱ्या गोव्यातून आणि सिंधुदुर्ग, कारवारहूनही आलेले असतात. मग आपण दमा आणि दमा नसणं यांची तुलना करतोय की डिचोली आणि कारवारची?

दुसरी अडचण आठवणीची. ज्या आईचं मूल आजारी आहे ती गरोदरपणातला दिवस न् दिवस मनात घोळवत असते. जिचं मूल धडधाकट आहे तिला काहीच आठवत नाही. त्यामुळे आजारी मुलांच्या बाजूला संपर्क जास्त नोंदवला जातो. कुणी खोटं बोलत नसतं. यावर आम्ही एक साधा उपाय करायचो. साल विचारायचंच नाही. "खाणी बंद झाल्या त्या वर्षीच्या चवथीला खोकला होता का?" असं विचारायचं. थोरल्याचं लग्न, नळाचं पाणी आलं ते वर्ष, देवळाचा जीर्णोद्धार अशा खुंट्यांवर आठवणी नीट टांगलेल्या असतात.

कोहॉर्ट म्हणजे काय, आणि सगळे त्यालाच चांगलं का म्हणतात?

आज निरोगी असलेली माणसं घ्यायची, कोण किती धुळीत आहे ते आजच लिहून ठेवायचं, आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांच्या मागावर राहायचं. कारण आधी लिहिलं जातं, आजार नंतर येतो, म्हणून क्रमाविषयी शंका राहत नाही. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कॅन्सर हा संबंध डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० मध्ये केस-कंट्रोलने दाखवला आणि १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरांचा कोहॉर्ट घेऊन पक्का केला. भोपाळमध्ये १९८४ च्या वायुगळतीनंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही वायुबाधित आणि अबाधित वस्त्यांचा असाच दीर्घ पाठपुरावा केला.

किंमत मोठी पडते. माणसं गाव सोडतात, आखातात जातात, पोर्तुगीज पासपोर्टवर परदेशी जातात. गेलेले बहुतेक तरुण आणि निरोगी, उरलेले म्हातारे. कामगारांचा कोहॉर्ट घेतला तर आणखी एक फसगत: खाणीवर कामाला लागतो तो मुळात धट्टाकट्टा माणूस, आणि ज्याला सोसत नाही तो काम सोडतो. त्यामुळे कामगारांचा मृत्युदर सामान्य लोकांहून कमी दिसतो आणि 'खाणीत काम केल्याने काही होत नाही' असं कुणीतरी जाहीर करतं. कामगारांची तुलना दुसऱ्या कामगारांशीच करावी.

एका दिवसाच्या प्रदूषणाचा परिणाम कसा शोधतात?

इथे शहराची तुलना त्याच शहराशी करतात. लंडनमध्ये ५ ते ९ डिसेंबर १९५२ या दिवसांत कोळशाचा धूर आणि धुकं कोंडलं. नेहमीपेक्षा सुमारे ४,००० मृत्यू जास्त झाले, पुढच्या अंदाजांत तर हा आकडा १२,००० पर्यंत गेला. त्या पाच दिवसांत लोकांची विडी-सिगारेट किंवा गरिबी बदललेली नव्हती, बदलली होती ती हवा.

आपल्याकडे असा अभ्यास नरकचतुर्दशीच्या पहाटेचा करता येईल. रात्रभर फटाके, मग गल्लोगल्ली नरकासुर जाळणं. त्या दिवशी दम्याचा झटका येऊन इस्पितळात आलेला प्रत्येक रुग्ण घ्यायचा आणि त्याची तुलना त्याच्याशीच करायची: त्याच महिन्यातल्या इतर आठवड्यांच्या त्याच वारी हवा कशी होती? याला केस-क्रॉसओव्हर म्हणतात. माणूस तोच, म्हणून वय, विडी, घर सगळं आपोआप सारखं. दिवस जवळजवळचे घेतल्यामुळे थंडी पडण्याचा आणि भातकापणीच्या धुळीचा गोंधळही बराच कमी होतो.

२०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. तब्येती सुधारल्या का, हे सरळ बघता येत नाही का?

फार चांगला प्रश्न. असा प्रयोग कुणी मुद्दाम करू शकला नसता. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त लोहखनिज बाहेर गेलं. सप्टेंबर २०१२ मध्ये सगळं थांबलं. नंतर थोडं सुरू झालं, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबलं, आणि लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीत पुन्हा सुरुवात झाली. चालू, बंद, चालू, बंद, चालू. याला नैसर्गिक प्रयोग म्हणतात.

पण ट्रक थांबले तेव्हा ट्रकच्या कर्जाचे हप्ते थांबले नव्हते. धूळ गेली, त्याबरोबर पगारही गेला. आधी खासगी डॉक्टरकडे जाणारी माणसं सरकारी केंद्रात येऊ लागली. केंद्राची वही उघडली तर रुग्ण वाढलेले दिसतील, आणि कुणी म्हणेल, बघा, खाणी बंद होऊन आजार वाढले. वाढली ती वहीतली नावं. धूळ आणि आजार यांच्यामध्ये अशी दोन्हींशी नातं असलेली तिसरी गोष्ट येते, तिला गोंधळकारी घटक म्हणतात. इथे तो उत्पन्नाचा. म्हणून खाणपट्ट्यात आधी आणि नंतर काय फरक पडला, आणि तेवढ्याच काळात खाणपट्ट्याबाहेरच्या तालुक्यांत किती पडला, या दोन फरकांतला फरक काढावा लागतो. तसं करायला २०१२ च्या आधीची नीट नोंद हवी. लहान मुलांची फुंकर किती जोराची होती, बायकांचा खोकला किती महिने टिकायचा, हे त्या काळात गावोगाव लिहून ठेवलं असतं तर आज केवढं हाताशी असतं. मला याची हळहळ वाटते, कारण त्या वर्षांत आम्ही तिथेच होतो.

औषधासारखी चिठ्ठ्या टाकून चाचणी का करत नाहीत?

कुणाला मुद्दाम धुळीत ठेवता येत नाही. पण धूर कमी करण्याची चाचणी करता येते. भारतासह चार देशांत सुमारे ३,२०० गरोदर बायकांवर ती झाली, भारतात तामिळनाडूत. निम्म्यांना चुलीऐवजी गॅस दिला, कुणाला द्यायचा ते चिठ्ठीने ठरलं. घरातला धूर खूप उतरला, पण २०२२ मध्ये निकाल आला तेव्हा बाळांच्या वजनात म्हणावा तसा फरक सापडला नाही. मला हा निकाल महत्त्वाचा वाटतो. आपल्याला जे हवं होतं ते आलं नाही तरी ते छापलं गेलं, आणि आता गॅस किती आधीपासून द्यायला हवा, हा पुढचा प्रश्न विचारता येतो.

'धोका दुप्पट' अशी बातमी आली तर घाबरायचं का?

आधी मूळ धोका विचारा. लाखात एकाचे दोन झाले तरी दुप्पट. उलट दहा टक्के मुलांना होणारा आजार बारा टक्क्यांवर गेला तर वाढ फक्त एक पंचमांश, पण हजार मुलांमागे वीस मुलं जास्त आजारी.

अहवालात 'संबंध आढळला नाही' असं लिहिलंय. म्हणजे धूळ निर्दोष?

नाही. जनसुनावणीत हे वाक्य फार वापरलं जातं, म्हणून नीट सांगतो. समजा अहवाल म्हणतो की सापेक्ष धोका १.७, म्हणजे धुळीतल्यांना इतरांच्या १.७ पट धोका, आणि विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या टप्प्यात असण्याची शक्यता आहे तो टप्पा, ०.८ ते ३.६. मर्यादेत १, म्हणजे दोघांना सारखाच धोका, हाही आकडा येतो, म्हणून 'संबंध सिद्ध झाला नाही' असं लिहिण्याची रीत आहे. पण तोच आकडा हेही सांगतो की खरा धोका साडेतीन पट असू शकतो. अभ्यास लहान होता, एवढाच त्याचा अर्थ. शंभर माणसं तपासून 'काही सापडलं नाही' म्हणणं आणि दहा हजार तपासून म्हणणं यांत फरक आहे. किती माणसं तपासली आणि मर्यादा किती रुंद आहे, हे दोन प्रश्न उभं राहून विचारा.

संबंध खरंच कारणाचा आहे का, हे ठरवण्यासाठी त्याच हिल यांनी, म्हणजे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी, १९६५ मध्ये नऊ दृष्टिकोन मांडले. संबंध किती मोठा, निरनिराळ्या जागी तोच सापडतो का, मात्रा वाढली की आजार वाढतो का, कारण आधी आणि आजार नंतर आहे का, वगैरे. क्रम सोडला तर यांतलं एकही अनिवार्य नाही. नऊपैकी नऊ गुण मिळेपर्यंत थांबा असं त्यांचं म्हणणं कधीच नव्हतं. जपानमध्ये मिनामाताच्या खाडीतली मासळी खाऊन लोकांना झटके येऊ लागले ते १९५६ मध्ये नोंदलं गेलं. कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा हे कारण सरकारने मान्य केलं १९६८ मध्ये. मधली बारा वर्षं माणसं मासे खात राहिली.

मग आम्ही गावकऱ्यांनी काय करायचं?

तुमच्या गावाजवळ खाण, कारखाना किंवा मोठा रस्ता येऊ घातला असेल तर काम सुरू होण्याआधी नोंद सुरू करा. नंतरची नोंद कुणीही करील, आधीची पुन्हा मिळत नाही. विहिरीच्या पाण्याची तपासणी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर अशी दोनदा करून कागद पंचायतीत ठेवा. फुंकर मोजायचं पीक फ्लो मीटर ही प्लास्टिकची नळी स्वस्त असते, शाळेतल्या मुलांची फुंकर वर्षातून दोनदा, त्याच महिन्यात, त्याच वेळेला घ्या, प्रत्येकाने तीनदा फुंकायचं आणि सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. मुलाची उंचीही लिहा, उंची वाढली की फुंकर आपोआप वाढते. आई-बापाची संमती घ्या, नावाऐवजी नंबर टाका, कारण आजाराची यादी गावभर फिरली तर पुढे मुलीचं लग्न ठरवताना कुणीतरी ती काढतं. निकाल ज्यांचे आहेत त्यांना परत सांगा.

आणि वहीत फक्त आजारी माणसं लिहू नका. ज्या घरात कुणी खोकत नाही तिथेही जा, दार वाजवा, आणि त्या घराच्या रांगेत 'खोकला नाही' असं लिहा.